मांजरीचा शेतकरी, पुण्याचा सभासद

१९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख घातलेले एक इंग्रजी निवेदन पुण्याहून विल्यम हंटर यांच्या शिक्षण आयोगाकडे गेले. खाली सही होती जोतीराव गोविंदराव फुले यांची, आणि सहीखाली त्यांनी आपली ओळख लिहिली होती : व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज.

त्या वेळी ते पंचावन्न वर्षांचे होते. मुलींची शाळा काढून चौतीस वर्षे झाली होती. सरकारने विश्रामबागवाड्यात बोलावून शालजोडी दिली, त्यालाही तीस वर्षे होत आली होती. ‘गुलामगिरी’ छापून आणि सत्यशोधक समाज स्थापन होऊन नऊ वर्षे लोटली होती. सहीखाली मिरवण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ होते. निवेदनात शाळांचा उल्लेख येतो, पण तो साक्षीदाराला विषयाची माहिती आहे हे दाखवण्यापुरता. स्वतःची ओळख देताना त्यांनी धंदा सांगितला, शेती सांगितली आणि शहराच्या कारभारातली जागा सांगितली.

फुल्यांवर मराठीत जे अफाट लिहिले गेले, त्यात या तीन शब्दांच्या वाट्याला फारच थोडी पाने आली. शाळा, अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद, बालहत्या प्रतिबंधक गृह यांच्या कथा घरोघरी माहीत आहेत. त्या इथे पुन्हा सांगत नाही. ज्या माणसाने शेतसारा भरला, पाटाचे पाणी घेतले, खडीचा ठेका घेतला आणि नगरपालिकेत बसून खर्चाच्या ठरावावर हात वर केला नाही, तो माणूस या प्रकरणाचा विषय आहे. माझे मत असे की त्यांचे राजकारण ग्रंथांतून जेवढे आले, त्याहून अधिक या व्यवहारातून आले. पैसा कुणाच्या घामातून येतो आणि कुणाच्या दारात जातो, हा एकच प्रश्न ते आयुष्यभर वेगवेगळ्या कचेऱ्यांत जाऊन विचारत राहिले.

घराण्याची गोष्टही जमिनीचीच. मूळ आडनाव गोऱ्हे, गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. तिथे कुलकर्ण्याशी उभा दावा झाला आणि घर सोडावे लागले, असे परंपरा सांगते. मग पुरंदर तालुक्यातले खानवडी आणि तिथून आजोबा शेटिबांबरोबर पुणे. शेटिबांच्या मुलांनी फुलांचा धंदा धरला, तो इतका जमला की पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरवण्याचे काम मिळाले आणि आडनावच फुले झाले. पेशव्यांनी पस्तीस एकर जमीन इनाम दिली. ती पुढे थोरल्या भावाने, राणोजीने, एकट्याने ताब्यात घेतली आणि धाकट्या गोविंदरावांच्या वाट्याला काही आले नाही. गोविंदरावांनी भाजीपाल्याचा आणि फुलांचा धंदा केला, थोडी शेती केली. मराठी घरांत ही कहाणी इतकी नेहमीची आहे की तिच्यावर थांबावेसे वाटणार नाही. पण कागदावर नाव नसले की जमीन कशी जाते, हे ज्या घरात पोरवयात कळते त्या घरातला मुलगा पुढे कुलकर्णी, मामलेदार, कारकून यांच्या लेखणीविषयी एवढे का लिहितो, याचे थोडे उत्तर इथे आहे.

जोतीराव मिशनच्या शाळेत गेले तेही एकदा नांगरामागे जाऊन मग. आधीच्या शाळेतून वडिलांनी त्यांना काढले होते. मुलगा शिकला तर शेतीला निरुपयोगी होईल, असे दुकानातल्या कारकुनाने त्यांच्या मनात भरवले होते. काही वर्षे शेतात गेली. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांचे मन वळवले आणि १८४१ साली ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा पाटी घेऊन बसले. एव्हाना नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या सावित्रीशी लग्न झालेले होते. म्हणजे शिक्षणावर बोलणारा हा माणूस शेतीच्या कामामुळे शाळा सुटणे म्हणजे काय, हे ऐकून सांगत नव्हता.

शाळा चालवायला पैसा लागतो आणि वडिलांनी तर १८४९ मध्ये घराबाहेर काढलेले. सरकारी नोकरी करायची नाही असे ठरवल्यावर उरला धंदा. १८६० नंतरच्या पुण्यात धंद्याला वाव होता. लष्कर वाढत होते, रेल्वे आली होती, पूल, बोगदे, रस्ते, धरण यांची कामे निघत होती. फुल्यांनी ठेके घेतले : कात्रजच्या बोगद्याला मजूर, येरवड्याच्या बांधकामाला माल आणि माणसे, खडकवासल्याच्या धरणाला दगड आणि चुना. धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य विकण्याचा धंदाही त्यांनी केला.

ठेकेदार फुले ही प्रतिमा आजच्या वाचकाला थोडी अडचणीची वाटते. ठेकेदार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे येते ते काही फारसे चांगले नसते. पण त्या काळी बांधकाम खात्याच्या कामावर उभे राहणे म्हणजे वसाहतीचे राज्य आतून कसे चालते ते पाहण्याची उत्तम जागा होती. गोरा इंजिनीअर घोड्यावरून एक फेरी मारून जाई. मोजमापे, हजेरीपट, बिले हे सगळे खालच्या कारकुनांच्या हाती. हजेरीत मजूर किती आणि कामावर किती, यातले अंतर ठेकेदाराइतके कुणाला दिसणार? १८६९ साली छापलेल्या ‘ब्राह्मणांचे कसब’ या पुस्तकात आणि नंतरच्या लेखनात फुले या खात्यातल्या लबाड्या बारकाईने सांगतात. त्यांच्या भाषेला धार आहे, ती अनेकदा एका जातीवर सरसकट उगारली जाते आणि तेव्हाही त्याबद्दल त्यांना बोल लागला. पण ज्या लबाडीचे ते वर्णन करतात तिचे तपशील ऐकीव वाटत नाहीत.

मजूर कोण होते, तर कोरडवाहू गावांतून पोट भरायला आलेले कुणबी, माळी, महार, मांग. शेतकऱ्याचे शेत पिकत नाही म्हणून तो धरणावर खडी फोडतो, आणि त्याच धरणाचे पाणी ज्याच्या शेतात जाईल त्याच्यावर पाणीपट्टी बसते. ठेकेदाराला ही साखळी एकाच जागी उभी राहून दिसत होती.

खडकवासल्याच्या धरणातून मुठेचा उजवा कालवा निघाला, तो शहराच्या दक्षिणेकडून पर्वतीच्या पायथ्याने हडपसरकडे आणि पुढे पाटसच्या दिशेने गेला. १८७० च्या दशकात त्यात पाणी खेळू लागले, तर शेतकरी ते घ्यायला तयार होईनात. सरकारी अहवालांत याला अडाणीपणा म्हणून मोकळे होण्याची रीत होती. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्यात अडाणीपणा फारसा नव्हता. बाजरी-ज्वारीला पाणी देऊन वाढीव पाणीपट्टी निघत नाही. ती निघायची तर ऊस, फळे, भाजीपाला हवा. ऊस वर्षभर शेत अडवतो. त्याला खत हवे, बैल हवेत, गुऱ्हाळ हवे आणि गूळ विकला जाईपर्यंत तग धरायला हाती रोख पैसा हवा. तो सावकाराकडून आणायचा तर मग पाण्याचा फायदा कुणाला?

फुल्यांनी हडपसरजवळच्या मांजरीला जमीन घेतली आणि पाटाच्या पाण्यावर बागाईत करून दाखवली. ऊस लावला, भाजीपाला आणि फळझाडे लावली. व्याख्यान देऊन जे पटत नाही ते शेजाऱ्याच्या बांधावरून दिसले की पटते, हे माळ्याच्या पोराला कुणी शिकवावे लागत नाही. शेजारचे शेतकरी हळूहळू पाणी घेऊ लागले. आज त्याच मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे आणि द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे. महाराष्ट्रातला ऊस आणि द्राक्ष या दोन्ही पिकांचे शास्त्र त्या शिवारात येऊन बसले आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेला ‘फुले २६५’ या उसाचे नाव तर शेतकरी रोज घेतात, बहुतेक वेळा नावामागचा माणूस कोण याचा विचार न करता.

मांजरीच्या अनुभवातून फुल्यांना पाटबंधारे खात्यावर राग आला, तो मात्र पाण्यावर नव्हता. पाणीपट्टी वेळेवर वसूल होते, पण पाणी वेळेवर मिळेल याची हमी कुणी घेत नाही, ही त्यांची तक्रार. दारे धरायला शेतकरी रात्री बांधावर बसतो आणि पाणी येते ते वाफा करपल्यावर. ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात त्यांनी सुचवले की प्रत्येक शेताच्या गरजेप्रमाणे पाण्याचे मान ठरवावे आणि तोट्या बसवून तेवढेच पाणी द्यावे, म्हणजे पाणी वाया जाणार नाही आणि कुणाला उणेही पडणार नाही. महाराष्ट्राने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना पाणी मोजून देण्याचा कायदा केला तो २००५ साली.

१८७६ मध्ये त्यांची पुणे नगरपालिकेवर नेमणूक झाली. नेमणूकच, कारण त्या वेळी सभासद सरकार नेमत असे. मते मागायची वेळ अजून आलेली नव्हती. शहरातले सरदार, वकील, सावकार, पेन्शनर असे लोक सभासद असत. त्यांत गंज पेठेतला एक माळी जाऊन बसला. तेवढ्यात दुष्काळ उतरला. १८७६ ते ७८ च्या त्या दुष्काळात पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडून माणसे गुरे सोडून शहराकडे येऊ लागली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी आश्रम चालवला, तिथे पोरांना जेवण मिळे. अन्नासाठी आलेली माणसे एका हाताने आणि सभेतली समारंभांच्या खर्चाची चर्चा दुसऱ्या हाताने सांभाळणे ज्याला जमत नाही, तो सभेत एकटा पडतो. फुले पडले.

१८८० च्या सुमारास व्हाइसरॉय पुण्याला यायचे होते. शहर सजवायला हजार रुपये खर्च करावेत असा ठराव आला. बत्तीस सभासदांपैकी विरोधात उभे राहिले एकटे फुले. पैसे खर्चायचेच तर ते पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. ठराव अर्थातच मंजूर झाला. सरकारनेच नेमलेला सभासद सरकारच्या सर्वोच्च पाहुण्याच्या स्वागताला नाही म्हणतो, याला त्या काळात किती धैर्य लागत असेल ते वेगळे सांगायला नको. मला त्यातले धैर्य दिसतेच, पण त्याहून हिशेबीपणा लक्षात घ्यावासा वाटतो. हजार रुपये ही रक्कम त्यांच्या डोक्यात शिक्षकांच्या पगारात मोजली जात होती. दोन वर्षांनी हंटर आयोगापुढे त्यांनी गावच्या शिक्षकाचा पगार बारा रुपयांच्या खाली नसावा आणि मोठ्या गावी पंधरा-वीस रुपये असावा असे सांगितले. बारा रुपयांनी हजाराला भागा : सजावटीच्या त्या खर्चात सात शिक्षकांचे जवळजवळ वर्षभराचे पगार होते.

१८८० सालीच शहरात दारूच्या नव्या दुकानांना परवानगी देण्यावरून त्यांनी नगरपालिकेला लेखी विरोध कळवला. सरकारला अबकारीचे उत्पन्न मिळते आणि घर पेठेतल्या मजुराचे बसते, हा मुद्दा. नगरपालिका आरोग्यावर पैसा खर्च करते आणि दुसऱ्या बाजूने रोगाचे दुकान उघडते, ही विसंगती त्यांना खुपली.

मग मंडई. शनिवारवाड्यापुढच्या उघड्या पटांगणात भाजीबाजार भरे. त्याऐवजी दगडी, मनोऱ्याची भव्य इमारत बांधावी, असे ठरले. फुले आणि त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. इतका पैसा इमारतीत घालण्याऐवजी शाळांत घाला, हेच पुन्हा. इथे फुले भाजीवाल्याचे पोर म्हणून बोलत होते, हे विसरू नये. जी माळीण पहाटे हडपसरहून पाटी घेऊन येते तिला घुमट नको असतो. तिला जागेचे भाडे परवडायला हवे असते. इमारत झाली ती झालीच. १८८६ मध्ये ती गव्हर्नरांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून उभी राहिली. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिचे नाव महात्मा फुले मंडई झाले. अत्र्यांचा हेतू उत्तम होता आणि गाळ्यांवर बसलेल्या माळणींच्या तोंडी ते नाव शोभतेही. तरी ज्याने बांधू नका म्हटले त्याचेच नाव इमारतीला, हा पुणेरी न्याय म्हणावा लागेल.

शहराच्या वेशीबाहेर या वर्षांत काय चालले होते? १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने गाठून कर्जाचे कागद जाळले. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. माणसांना फारसा हात लागला नाही. राग कागदावर निघाला. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. जुन्नर भागात १८८४-८५ च्या सुमारास कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायच्याच नाहीत असे ठरवले, त्यामागे सत्यशोधक मंडळींचा जोर होता. ओतूर, जुन्नर ही गावे त्या काळात समाजाचे बालेकिल्लेच झाली होती. जमीन पडीक राहिली तर सावकाराच्या हाती नुसता उतारा उरतो, हे कुळांना उमगले होते.

या सगळ्या अनुभवातून ‘शेतकऱ्याचा असूड’ तयार झाला. तो १८ जुलै १८८३ रोजी पुरा झाला, पण त्याआधीच फुले त्यातले भाग ठिकठिकाणी वाचून दाखवत होते : पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना वाचता येत नाही, म्हणून लेखकच गावात जाऊन वाचतो. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी आपल्या ‘दीनबंधू’ पत्रात पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची थांबवली. सरकारवरची टीका जड वाटली असणार. फुले भडकले आणि त्यांनी लोखंड्यांच्या भित्रेपणावर उघड लिहिले. आपल्याच माणसावर.

पुस्तक पाच प्रकरणांचे आहे. पहिल्या तीन प्रकरणांत पुरोहित, गोरे अधिकारी आणि इतिहास यांची झडती आहे. त्यातला आर्यांचा इतिहास आजच्या संशोधनाला जसाच्या तसा पटणारा नाही. चौथे प्रकरण मात्र अजून वाचावे. त्यात शेतकऱ्याचे घर आहे, गोठा आहे, चूल आहे, अंगावरची वस्त्रे आहेत. मराठी गद्यात कुणब्याच्या घरात शिरून इतक्या जवळून पाहणारी पाने त्याआधी क्वचितच लिहिली गेली. पाचवे उपायांचे. डोंगरउतारावर ताली आणि बंधारे घालून वाहून जाणारी माती आणि पाणी अडवा, आणि त्या कामाला शांततेच्या दिवसांत बसून असलेले लष्कर आणि पोलीस लावा. पाणाड्यांच्या मदतीने विहिरींच्या जागा शोधा. तलावातला गाळ शेतकऱ्याला द्या. जंगलखात्याने घशात घातलेली गायराने परत करा. रानडुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्याला बंदूक द्या. शेतीची प्रदर्शने भरवा, चांगल्या पिकाला बक्षिसे द्या. शेतकऱ्यांची मुले शिकवा, त्यांच्यातून शिक्षक तयार करा.

यातली गाळाची सूचना आज सरकारी योजना झाली आहे आणि रानडुकरांची तक्रार मुळशीपासून सिंधुदुर्गापर्यंत अजून तशीच आहे.

हंटर निवेदनात शिक्षणाचा मुद्दा अर्थशास्त्राच्या अंगाने येतो. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, लोकल फंडाचा करही तीच भरते, आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. तेव्हा बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, लोकल फंडातला अर्धा पैसा त्यावर घाला. अभ्यासक्रमात मोडी आणि बालबोध लेखन, हिशेब, आरोग्य आणि शेतीची प्राथमिक माहिती असावी, आणि जमेल तिथे शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे. मांजरीला जे त्यांनी शेजाऱ्यांसाठी केले तेच ते प्रत्येक गावच्या पोरांसाठी मागत होते.

२ मार्च १८८८ रोजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी दिली. राणीचा मुलगा, मुंबई फौजेचा सेनापती. पुण्यातली सगळी दागदागिन्यांची मंडळी हजर. फुले आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात, डोईला पागोटे, खांद्यावर घोंगडी. बोलायला उभे राहून त्यांनी ड्यूकना सांगितले की इथे जमलेले, हिऱ्यामोत्यांनी मढलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. तो पाहायचा तर जवळच्या खेड्यांत जा, आणि तिथल्या लोकांना शिक्षण द्यायला आपल्या आईला सांगा. यजमान स्नेही होते, म्हणून हे खपले. काँग्रेसविषयीही त्यांचे मत याच जातीचे होते : ज्या सभेत शेतकरी बसत नाही ती सगळ्या राष्ट्राची सभा कशी?

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईला मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली आणि दोनच महिन्यांत अर्धांगाने उजवा हात गेला. डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. ठेक्यांत मिळवलेला पैसा कधीच समाजकार्यात संपला होता. आजारपणात सयाजीरावांकडून मदत आली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘असूड’ ऐकलेल्या त्याच सयाजीरावांनी तीन वर्षांनी, १८९३ मध्ये, अमरेली तालुक्यात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सबंध बडोदा संस्थानाला लागू केले.